दोन इंच माया

डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना सुतारकाकांनी फळ्या आखायचं काम टेलरमास्तरांवर सोपवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. खरं तर, तळ्याकाठच्या त्या शेडमध्ये दर रविवारी हौसेने होडी बांधायला जमणाऱ्या नऊ जणांत काकांखेरीज खडूची सरळ रेघ मारणारे मास्तर एकटेच. पोस्टमनची रेघ तर घरोघरी थांबत जायची.

मास्तर हरखून गेले. लग्न ठरल्यावर त्यांनी बायकोला स्वतः शिवून एक कोट दिला होता. "यात मी आणि माझी ताई दोघी मावू," असं म्हणून तिने तो परत केला, आणि पुढची तीस वर्षं कपडे दुसरीकडे शिवले. टेलरच्या बायकोने! ते शल्य मास्तरांच्या मनातून जात नव्हतं.

"होडी अगदी मापात करतो," त्यांनी तिला शब्द दिला. "पहिल्याच फेरीत तुला पलीकडे ताईंकडे जेवायला नेतो."

"बघू," बायको म्हणाली.

दीड महिन्याने, नेमके त्याच फेरीच्या सकाळी, काका परतले. होडी रंगवून तयार होती. काळा चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कडेला हात लावला. कड त्यांच्या छातीला येत होती.

"मास्तर, पुठ्ठ्याचे नमुने दिले होते ना मी?"

"त्यावरूनच तर आखलं!"

"मग ही एवढी वर कशी आली?"

"काही नाही हो, प्रत्येक फळीला दोन इंच माया ठेवली."

"माया?"

"शिवणीत दाबायला. उद्या उसवून मोठी करायची झाली तर?"

"अहो, होडी काय उसवतात? फळीवर फळी चढते ती जागा मी नमुन्यातच धरली होती! एका बाजूला सात फळ्या, म्हणजे..."

"चौदा इंच!" पोस्टमन उत्साहाने म्हणाला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

तेवढ्यात नवे बूट घालून बायको हजर झाली. आता माघार कसली? होडी पाण्यात गेली, दोघं बसले, मास्तरांनी वल्ही मारली आणि ती हवेत फिरली. होडी इतकी उंच तरंगत होती की वल्ही पाण्याला पोचेनात. काठावरचे पोट धरून हसू लागले.

"अहो," बायको म्हणाली, "यात मी, ताई आणि तो कोट, तिघंही मावू."

मास्तरांचा चेहरा पडला. ते पाहून काकांना राहवलं नाही.

"वजन कमी पडतंय. चला, चढा सगळे!"

नर्सबाई चढल्या, पोस्टमन चढला. एकेक करत सात जण बसले तरी वल्ही कोरडीच. शेवटी काका स्वतः चढले आणि वल्ह्यांनी छपकन पाणी उडवलं. एकच जल्लोष झाला. कोणाचं कोपर कोणाला लागत नव्हतं, हे बायकोने गुपचूप पाहून घेतलं.

पलीकडच्या काठावर ताई उभ्या होत्या. होडीतली माणसं मोजून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, मी तुम्हा दोघांपुरतंच केलंय!"

मास्तरांनी मान खाली घातली. आता बोलणी खायची होती.

बायको मास्तरांच्या खांद्याचा आधार घेऊन उतरली.

"दोघांचं म्हटलं की मोजून दोघांचंच करतेस?" ती बहिणीवर डाफरली. "जरा माया ठेवावी गं माणसानं!"