परसातली फरशी

ताईच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलंच नव्हतं. "बाळू, आयुष्यभर पुस्तकं सांभाळलीस," तिने लिहिलं होतं, "समुद्राने खारवलेल्या माझ्या परसात पालक कसा उगवायचा ते कळव. या खेपेला नाही उगवला, तर जागा शेजारच्या टेम्पोवाल्याला गाडी लावायला देते आणि मी लेकीकडे राहायला जाते." निवृत्त ग्रंथपालांनी उत्तरं लिहिली आणि फाडली. प्रत्येकात 'कदाचित' फार होत होते.

मग एके दिवशी पुस्तकात सापडलं! खाऱ्या, चोपण जमिनीत जिप्सम मिसळा, वर गोडं पाणी सोडा, खार धुऊन जातो. पुस्तक काखेत मारून ग्रंथपाल स्वतःच निघाले. ताईच्या दारातूनच म्हणाले, "ताई, कंबर सांभाळ. पालक खुडायला रोज वाकावं लागणार आहे."

घोटाळा झाला तो दुकानात. दुकानदाराने विचारलं, "जिप्सम? भिंतीसाठीच ना?" मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. परक्या माणसाला जमिनीची कहाणी काय सांगायची, या संकोचाने ग्रंथपालांनी मान डोलावली.

पोती परसात ओतली, ताईने नळी सोडली, दोघं चहाला आत गेले. बाहेर आले तर परस पांढरंशुभ्र, सपाट! मधोमध ताईची एक चप्पल घट्ट रुतलेली, पुतळा बसवायचा राहून गेल्यासारखी.

"बाळू, हा पालक?"

"कदाचित थोडा वेळ लागेल."

"कुदळ मारली तर टण्ण वाजतंय रे."

ग्रंथपालांनी रिकामं पोतं उलटून पाहिलं. भिंतीचं प्लास्टर होतं ते.

तेवढ्यात कुंपणापलीकडून टेम्पोवाला म्हणाला, "वा काका, जागा तर जागा, वर फरशीही घातलीत?" कोणी तोंड उघडायच्या आत टेम्पो मागे घेत परसात घुसला. फरशी कडाकड फुटली.

ताईने तोंड फिरवलं. "झालं. सामान बांधते."

ग्रंथपाल पायरीवर मटकन बसले. हातांना सवय म्हणून पुस्तक उघडलं. प्लास्टर म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाणी पिऊन घट्ट बसलं की ते पुन्हा जिप्समच होतं. त्यांनी चाकांखाली पाहिलं. भुगा!

जन्मभर लोकांना हळू बोला म्हणणारा माणूस गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला, "थांबू नका! पुढे घ्या, मागे घ्या!"

"काका, गाडी लावायची की नाचवायची?"

"नाचवा!"

संध्याकाळपर्यंत टेम्पो नाचला. ताईने बांधलेलं गाठोडं सोडून फावडं घेतलं. भुगा मातीत कालवला, खारं पाणी निघून जायला चर काढला, गोडं पाणी पुन्हा पुन्हा सोडलं. मग बी टाकलं. उगवला! टेम्पोवाल्याला जागा मिळाली नाही, पहिली जुडी मात्र मिळाली.

जुडी दिली त्या दिवशी ग्रंथपाल कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी उभे होते. हातात पोस्टकार्ड, त्यावर ताईचाच पत्ता.

"अरे, मी तुझ्या शेजारी उभी आहे. तोंडाने सांग की," ताई म्हणाली.

"लेखी असलेलं बरं."

तिने डोकावून वाचलं: 'ताई, तुझं पत्र मिळालं. कदाचित जिप्सम घालून पाहावं.'

ग्रंथपालांनी आणखी एकदा विचार केला, 'कदाचित'खाली रेघ ओढली आणि पत्र पेटीत टाकलं.