सरकारांची बाटली

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, हा शेठचा बाणा होता. नळ, पाइप, कुलपं, बिजागऱ्या असा त्यांचा धंदा. मागितलेला नळ नसला, तर त्याच्या चुलतभावासारखा दिसणारा दुसरा काढायचा आणि छातीठोकपणे सांगायचं, "हा त्याहून सरस! डोळे मिटून लावा." गिऱ्हाईक डोळे मिटून घेऊन जायचं. (डोळे उघडल्यावर परत यायचं, ते वेगळं.) हा बाणा शेठनी दुकानापुरता ठेवला असता, तर चारचौघांत मान खाली घालायची वेळ आली नसती. पण एका सकाळी त्यांनी तो घरी वापरला, आणि तोही मांजराच्या बाबतीत.

मांजर म्हणजे सरकार. करडा, गुबगुबीत बोका. मूठभर असताना दुकानात शिरला आणि बघता बघता गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसायला लागला. शेठ स्टुलावर आले. खुर्ची ज्याची तो सरकार, म्हणून ते नाव.

या सरकारांना मधुमेह निघाला. घटाघटा पाणी प्यायचे, सारखे वाळूच्या ट्रेकडे धावायचे, वाडगं चाटूनपुसून खाऊनही वाळत चालले होते. बायकोच्या हे लगेच लक्षात आलं. (शेठही त्याच सुमाराला बाटल्याच्या बाटल्या पाणी रिचवत होते, गिऱ्हाईक अर्धवट सोडून दुकानामागे पळत होते, पॅन्ट कमरेवर ठरत नव्हती. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याकडे निरखून कोण बघतं?)

तेव्हापासून घरात सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई सुरू झाली. सरकारांचं खाणं झालं, की बायको मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची आणि सुई टोचून मोकळी व्हायची. सरकारांना पत्ताही लागायचा नाही. शेठकडे फक्त डोकं धरायचं काम होतं, आणि तेवढंही ते डोळे घट्ट मिटून करायचे.

"अहो, डोळे उघडा," एकदा बायको म्हणाली. "तुम्ही उशी धरलीय."

एवढ्यावरून घरात शेठची काय किंमत उरली असेल, हे सांगायला नको. म्हणूनच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सरकारांची सकाळची लघवी तपासायला मागितली आणि नेमकं त्याच सकाळी बायकोला आईकडे जावं लागलं, तेव्हा शेठना संधी दिसली.

"माझ्यावर सोड," ते म्हणाले.

"जमेल?"

"अगं, नळाच्या धंद्यात केस पांढरे झाले माझे!"

"सकाळची सुई मी टोचलीय. ट्रे धुऊन कोरडा ठेवलाय. वाळू घालायची नाही. झालं की बाटलीत भरायचं आणि दवाखान्यात द्यायचं. एवढं एकच काम आहे हं. बघा, नाहीतर मी उद्या करते."

'उद्या करते' हे शब्द शेठच्या वर्मी लागले. खरं तर तेव्हा 'बरं' म्हटलं असतं, तर सगळं निभावलं असतं.

वाळूविना ट्रे बघून सरकारांनी शेठकडे असं पाहिलं, की जणू हॉटेलात ताटाशिवाय जेवण वाढलंय. वास घेतला, पाठ फिरवली आणि सोफ्याखाली जाऊन बसले. शेठनी पाण्याचं वाडगं पुढे सरकवलं. नळ बारीक सोडून ठेवला. तोंडाने 'शूऽऽ' असा आवाज काढला. त्या आवाजाचा परिणाम झाला, पण तो शेठवर. ते धावत जाऊन आले.

शेवटी सरकार उठले आणि ट्रे सोडून कुंडीकडे निघाले. शेठनी स्वयंपाकघरातली लांब दांड्याची पळी उचलली आणि दबकत मागोमाग गेले. सरकार कुंडीत बसले. शेठनी श्वास रोखून पळी पुढे केली. सरकारांनी मान वळवली, पळीकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं आणि काम तहकूब करून सरळ कपाटावर जाऊन झोपले.

दुकान उघडायची वेळ टळून गेली होती. बाटली रिकामी होती. आणि बायको येऊन म्हणणार होती, "वाटलंच मला."

शेठचा बाणा जागा झाला. मागितलेला माल नाही? मग तसाच दुसरा द्यायचा! रंग तोच, पातळपणा तोच. बाटलीला काय कळतंय आणि यंत्राला काय कळतंय? शेठ बाटली घेऊन आत गेले आणि पटकन बाहेर आले. झाकण लावलं, वर 'सरकार' अशी चिठ्ठी चिकटवली आणि दुकानाच्या वाटेवर दवाखान्यात देऊन टाकली. (तिथल्या बाई म्हणाल्या, "अरे वा, बरीच मिळाली की!" शेठ म्हणाले, "हात लागतो त्याला.")

संध्याकाळी बायको परतली. भरलेली बाटली पोचल्याचं ऐकून तिने चक्क शाबासकी दिली. शेठ बिस्किटाचा पुडा फोडून बसले. सरकारही खाऊनपिऊन मिशा साफ करत होते. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ऐकता ऐकता बायकोचा चेहरा उतरला.

"साखर भयंकर वाढलीय म्हणे त्याची. त्या म्हणाल्या, इतकी कशी वाढली तेच कळत नाही. उद्या रक्त तपासू, पण आजपासूनच डोस वाढवा."

शेठनी हातातलं बिस्कीट पुड्यात परत ठेवलं. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, की इन्सुलिन जास्त झालं तर मांजर झोकांड्या खातं, झटके येतात आणि वेळेवर लक्षात आलं नाही तर जातं. बायको फ्रिजमधून कुपी काढत होती.

"यंत्र बिघडलं असेल त्यांचं," शेठ म्हणाले.

"इतके दिवस नाही बिघडलं ते?"

"नाही, म्हणजे उद्या रक्त तपासणारच आहेत, तर आज राहू दे."

"डॉक्टर तुम्ही की त्या?"

"त्याने पोटभर खाल्लं का पण?"

"तुमच्यासमोर खाल्लं ना! डोकं धरा."

सुई भरून झाली. सरकारांनी धरायची वाटच पाहिली नाही. आपणहून आले, शेठच्या मांडीवर चढले, त्यांच्या पोटात डोकं खुपसलं आणि घुरघुरायला लागले. बायकोने मानेची कातडी चिमटीत धरली. शेठनी या खेपेला डोळे मिटले नाहीत.

"थांब! ती बाटली माझी होती!"

"कसली बाटली?" बायकोचा हात थांबला. "अहो, परत सुरू केलंत? माझ्या गळ्याची शपथ घेतली होतीत! दुकानात लपवता ना?"

"ती नव्हे गं! सकाळची."

"सकाळी? सकाळी सकाळी पिता?"

"पीत नाही! दवाखान्यातली! चिठ्ठी सरकारांची होती. आत..." शेठनी सरकारांच्या कानामागे बघत वाक्य संपवलं. "आतलं माझं होतं."

बायको हसेल, असं त्यांना वाटलं होतं. निदान ओरडेल. ती हसलीही नाही आणि ओरडलीही नाही. हातातल्या सुईकडे बघत राहिली.

"मी टोचली असती," ती एवढंच म्हणाली.

मग तिने ती सुई बाजूला ठेवली, दुसरी घेऊन नेहमीचा डोस भरला आणि टोचला. सरकार घुरघुरत होते. शेठना मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. ट्रे, कुंडी, पळी असं सगळं त्यांनी सांगून टाकलं.

"उद्या डॉक्टरीणबाईंना तुम्ही सांगायचं," बायको म्हणाली. "माझ्यादेखत."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हीऽ गर्दी. त्यातून शेठचं जुनं गिऱ्हाईक, एक प्लंबर, आपला कुत्रा घेऊन अगदी पहिल्या बाकावर. तपासणीच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता. शेठ पुटपुटले.

"काय म्हणालात?" डॉक्टरीणबाई सरकारांचं वजन करत होत्या. "जरा मोठ्याने बोला."

"कालची लघवी... ती सरकारांची नव्हती."

"मग कुठल्या मांजराची?"

शेठनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"माझी," शेठ ओरडले.

पडद्याबाहेरच्या सगळ्यांनी कान टवकारले. कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. मग प्लंबरचा आवाज आला, "शेठ, म्हणजे मला दिलेला तो नळ..."

"गप रे!"

डॉक्टरीणबाईंनी सरकारांच्या कानाच्या कडेला बारीकशी सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. साखर छान आटोक्यात होती. त्यांनी सरकारांची पाठ थोपटली आणि शेठकडे वळल्या.

"पुन्हा असं करू नका. वाढवलेला डोस गेला असता, तर आज मी कुणाची पाठ थोपटली असती?"

"चूक झाली," शेठ म्हणाले. गिऱ्हाइकासमोर हे शब्द त्यांनी जन्मात काढले नव्हते.

"आणि त्या बाटलीच्या मालकाने आजच माणसांच्या डॉक्टरकडे जावं. थट्टा नाही करत मी."

बायकोने शेठकडे पाहिलं. पाण्याच्या बाटल्या, दुकानामागच्या फेऱ्या, सैल पॅन्ट असं सगळं तिने वरपासून खालपर्यंत एकदाचं पाहिलं.

"माझ्या डोळ्यांसमोर होतात हो," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला.

सरकारांना घरी सोडून दोघं तसेच माणसांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हातारे होते, सावकाश लिहीत होते.

"मधुमेह असावा, असं कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनीच."

"कुठले डॉक्टर?"

शेठ दाराच्या बिजागऱ्या मोजू लागले. "सांगा की," बायको म्हणाली.

"कुत्र्यामांजरांचे."

डॉक्टरांचं पेन थांबलं. चष्म्यावरून त्यांनी शेठना एकदा न्याहाळलं आणि काही न विचारता हातात रिकामी बाटली दिली. "त्या दाराआड जा. भरून आणा."

शेठ गेले. आदल्या दिवशी पटकन झालेलं काम आज होईना. बाहेर सगळे वाट बघतायत, या विचाराने तर मुळीच होईना. त्यांनी नळ बारीक सोडला. तोंडाने 'शूऽऽ' केलं. बाहेर रांग वाढत चालली. शेवटी दारावर टकटक झाली.

"अहो, झालं का?"

"नाही," आतून शेठ म्हणाले.

मग रांगेतल्या शेवटच्या माणसालाही स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात बायकोने विचारलं,

"पळी आणू का घरून?"