डावं दार, उजवं दार

आमच्या शेजारचे गमरेकाका फ्रिजचं दार दोन हातांनी लावतात. डाव्या हाताने डावं दार ढकलतात आणि त्याच वेळी उजव्या हाताचा तळवा उजव्या दारावर टेकवून उभे राहतात, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा. जरा थांबतात, "हां" म्हणतात आणि मग दोन्ही हात काढून घेतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, फ्रिजची पूजाबिजा करतात की काय! पण काका पूजेतले नव्हेत. त्यांच्या हॉलमध्ये छोटी बुद्धमूर्ती आहे, तिलाही त्यांचा हात लागतो तो धूळ पुसण्यापुरता.

"ताई, हा दोन दारांचा संसार आहे," त्यांनी मला समजावलं होतं. "एक दार जोरात लावलं की आतली हवा दुसऱ्याला ढकलते. ते उघडतं, भोंगा वाजतो, सगळी थंडी बाहेर. म्हणून धरायचं. काय समजलात?"

"काय समजलात?" हा त्यांचा पेटंट प्रश्न. उत्तराची वाट ते कधीच बघत नाहीत.

गमरे कुटुंब दिवा स्टेशनजवळून आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये आलं. तिकडे दोन खोल्या, एक पिंप आणि खांद्याएवढा एका दाराचा फ्रिज होता. मुलीने, प्रीतीने, इथे फ्लॅट घेतला, आईवडिलांना आणून बसवलं, स्वयंपाकघरात कपाटाएवढा फ्रिज उभा केला आणि ती नवऱ्याबरोबर मेलबर्नला गेली. डावीकडे उभा फ्रीजर, उजवीकडे उभा फ्रिज. काका छापखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर मशीनची धडधड ऐकलेल्या माणसाला आता ऐकायला हा एवढाच आवाज उरला होता, आणि तो त्यांनी मन लावून ऐकला. 'टक्' म्हणजे काय, 'सुंऽऽ' म्हणजे काय, आत पाणी गळल्यासारखं वाजलं तर घाबरायचं का, हे सगळं त्यांना तोंडपाठ.

पुढे हे ज्ञान मजल्यावर पसरलं. एकदा मे महिन्यात आमच्या फ्रिजची बाजूची भिंत चटका बसेल इतकी तापली. मी बटण बंद करून काकांकडे पळाले. ते आले, भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "चालू करा. आतली उष्णता तो इकडून बाहेर टाकतोय. तुम्ही त्याला भिंतीला चिकटवून ठेवलाय, त्याने श्वास घ्यायचा कुठून?" मग माझ्या नवऱ्याकडून फ्रिज वीतभर पुढे ओढून घेतला. जाता जाता खिशातलं बसचं तिकीट काढून दाराच्या रबरात अडकवलं आणि ओढून पाहिलं. तिकीट अडलं म्हणजे रबर घट्ट. सुळकन बाहेर आलं की मात्र काका अशा नजरेने बघत की त्या घरच्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पाहुणे म्हणून बोलवावं तरी हा माणूस चहा घ्यायच्या आधी तिकीट काढायचा.

पण त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य वेगळंच होतं. "डावं उजव्याला पोसतं." म्हणजे थंडी तयार होते ती डावीकडे, फ्रीजरमध्ये. मधल्या भिंतीतल्या झरोक्यातून ती उजवीकडे जाते. उजवं स्वतःचं काही कमवत नाही. हे सांगून ते काकूंकडे बघायचे आणि काकू म्हणायच्या, "कळलं हो, मी उजवी ना? बसा आता."

काकू प्रीतीच्या बाळंतपणाला मेलबर्नला गेल्या. सहा महिन्यांचं ठरलं होतं. मग बाळाच्या दातांसाठी थोडं थांबल्या. मग प्रीतीची नोकरी सुरू झाली, बाळाला बघायला कोणी नाही. मध्ये एकदा व्हिसासाठी म्हणून येऊन गेल्या, पण त्या येण्यात बॅगाही धड उघडल्या नव्हत्या. काकांना विमानाचं नाव काढलं तरी घाम फुटतो. "मी तिकडे गेलो तर फ्रिजकडे कोण बघणार?" असं ते विचारायचे, आणि आम्ही हसायचो.

गमऱ्यांच्या घरात एक जुना नेम आहे. मोसमातलं पहिलं काहीही एकट्याने तोंडात टाकायचं नाही. पहिला आंबा, पहिली करवंदं, वालाच्या पहिल्या शेंगा, दोघं असतील तेव्हाच. दिव्यात असताना काका दुसऱ्या पाळीला असले तर काकू आंबा कापून झाकून बसायच्या. आता काकू नव्हत्या, पण मोसम काही थांबले नव्हते. येऊरच्या डोंगरातल्या बायका टोपल्या घेऊन बसल्या की काका जांभळं आणत आणि डाव्या दाराआड ठेवत. आंब्याचा रस डब्यात. ओले काजूगर, सोललेले वाल, मटार, सीताफळाचा गर, सगळं डावीकडे. एकदा ताडगोळेसुद्धा गोठवले. त्यांचं जे झालं ते काकांनी मला दाखवलं नाही.

"आणि तुम्ही काय खाता?" मी विचारलं.

"मी केळी खातो. केळ्याला मोसम नसतो. काय समजलात?"

समजले तर होते. पण दोन उन्हाळे आंबा न चाखलेल्या माणसाला काय बोलायचं ते समजेना.

मग यंदा उजवं दार आजारी पडलं. दूध नासायला लागलं, कोथिंबीर काळी पडली. काकांनी तिकीट लावून पाहिलं, मागची जाळी झाडली, थंडीचा आकडा खाली आणला, फ्रिज बंद करून पुन्हा चालू केला. डावं दार मात्र त्यांनी उघडलं नाही. मला ते चमत्कारिक वाटलं. जो माणूस उठताबसता डावं उजव्याला पोसतं म्हणतो, तो उजवं उपाशी असताना डावीकडे बघायलाच तयार नाही! शेवटी मीच मेकॅनिकला बोलावलं.

इरफान नावाचा तो मेकॅनिक डावं दार उघडून दोन मिनिटं नुसता बघत राहिला. "काका, ये तो पूरा बाजार है." आत बोट शिरेल एवढी फट नव्हती. पिशव्या झरोक्याला घट्ट टेकलेल्या, आणि त्यावर बर्फ. "हवा जाणार कुठून? सगळं बाहेर काढा. बंद ठेवून बर्फ वितळवावा लागेल."

"ते काढायचं नाही," काका म्हणाले.

"फिर राइट साइड भूल जाओ."

काकांनी काकूंना व्हिडिओ कॉल लावला. काकू पडद्यावर आल्या, कडेवर नातू. सगळं ऐकून म्हणाल्या, "अहो, मग खाऊन टाका ना! नासून कशाला घालवता? शेजारी वाटा. माझं इथलं अजून काही ठरत नाहीये."

"नेटवर्क नाहीये," काका म्हणाले आणि फोन ठेवला. वायफायच्या चारही काड्या मला स्पष्ट दिसत होत्या.

मग मीच म्हटलं, "काका, खायला नको. आमच्या फ्रीजरमध्ये ठेवू. वरच्या नेन्यांकडेही जागा आहे." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं मूल सांभाळायला तयार झाले होते. पिशव्यांची वरात निघाली. जांभळं आमच्याकडे, वाल आणि मटार नेन्यांकडे. रसाचा डबा मात्र त्यांनी स्वतः आणून आमच्या फ्रीजरच्या तळाशी ठेवला, आमच्या दारात तिकीट अडकवून पाहिलं आणि मगच गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीनदा बेल वाजवून "सहज" बघून गेले.

संध्याकाळी इरफान परत आला. बर्फ गेला होता, झरोका मोकळा झाला होता, फ्रिज सुरू झाला. निघताना त्याची नजर दारांकडे गेली. "काका, एक उघडतं ना दुसरं लावताना? पुढचे पाय खाली बसलेत. फुकटात करून देतो." त्याने वाकून पुढचे दोन पाय फिरवले, फ्रिज किंचित मागे कलला. डावं दार ढकललं. उजवं जागचं हललं नाही.

मी टाळी वाजवली. काका पुढे आले. त्यांनी स्वतः डावं दार लावलं, सवयीने तळवा उजव्यावर टेकवला. दाराने तळव्याला काहीच केलं नाही. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. मग हात खाली घेतला आणि म्हणाले, "पूर्वीसारखं कर रे."

"क्या?"

"पाय खाली कर. होतं तसं."

इरफान माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "अहो काका, चांगलं झालंय की!"

"पायांचं मला माहीत होतं हो, ताई." काका फ्रिजकडे बघत बोलले. "आणला त्याच आठवड्यात कळलेलं. पण ही डावं दार लावायची ना, धाडकन. हिला हळू काही जमत नाही. मग उजवं उघडायचं. ही ओरडायची, 'अहो, धरा!' मी हॉलमधून पळत यायचो. दिवसातून दहा वेळा. हिला वाटायचं, मी धरल्याशिवाय हा फ्रिज चालायचाच नाही. आता ती येईल, दार लावेल, आणि मला हाक कशाला मारेल?"

इरफानने पाना काढला आणि वाकला.

तो गेल्यावर आम्ही पिशव्या परत लावल्या, झरोक्यापाशी हातभर जागा सोडून. रसाचा डबा त्या जागेपायी आमच्याकडेच राहिला. सगळं झाल्यावर काकांनी डावं दार धाडकन लावलं, अगदी काकूंसारखं. उजवं उघडलं. त्यांनी ते तळव्याने धरलं आणि म्हणाले, "हां."