लखनचा उजवा गुडघा

मोठी नात वैजयंती सासरी गेली ते वर्ष २०२३. मांडव सोडला त्या दिवशी धाकटी वैभवी आजोबांपुढे येऊन बसली. त्यांचा हात उचलून तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"आबा, शपथ घ्या. माह्या नर्सिंगचे चार वर्षं पुरे होईपर्यंत माही सोयरीक कोठीच काढायची नाई."

जगदेवआबांनी शपथ घेतली. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली, तर ज्याचं डोकं त्याच्याच जिवावर बेततं, अशी त्यांची पक्की समजूत. साप आणि शपथ या दोनच गोष्टींना आबा भीत. त्यातही सापाला निदान उतारा असतो.

बाकी स्वतःवर त्यांचा भलताच भरवसा. पन्नास वर्षांत त्यांनी पसंत केलेला एकही बैल लंगडा निघाला नव्हता. "चार पायाचा असो का दोन पायाचा, मले दहा पावलं चालून दाखवा, सारं सांगतो," असं ते पारावर बसून सांगायचे. हेच बोलणं त्यांना भोवलं.

दिवाळी झाली आणि गावातला इंद्रभान आबांच्या घरी आला. रिठदची फुटबॉलची टीम तोच चालवायचा. रिसोडच्या स्पर्धेत प्रत्येक टीमला बाहेरगावचा एकच खेळाडू घेता येई, आणि एकदा त्याची फॉर्मवर सही झाली की सालभर तो दुसरीकडे खेळू शकत नसे. मागच्या साली इंद्रभानने आणलेला गडी दहाव्या मिनिटाला गुडघा धरून बसला, तो जेवायलाच उठला.

"आबा, कारंजाकडं लखन नावाचं पोट्टं हाये. एकवीस वर्षाचं. गोल मारते म्हणतात, पण पाय टिकाचे का नाई ते तुमी सांगा. तुमी हो म्हटलं तर सही."

"अरे, मले त्या खेळातलं काय समजते?"

"खेळाचं मी पाहतो, तुमी पाय पाहा. अन् कायले आले ते तिथं कोणाले सांगू नका. कारंजाची टीम बी टपून हाये."

आबांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि एसटी धरली.

कारंजाहून जीपने ते लखनच्या गावी उतरले आणि फाट्यावरच्या पानठेल्यावर चौकशीला लागले. पोरगा कोणाचा? खर्रा खाते का? दारूबिरू? कधी हातपाय मोडला होता? अंगात काही दुखणं? रागानं कसा हाये?

"हिरा हाये, बावा," पानठेलेवाला म्हणाला. "तुमी कोणते?"

हे सांगायला हरकत नव्हती. आबांनी गाव सांगितलं, आडनाव, कूळ, शेत, फोन नंबर, सगळं सांगितलं. घरी कोण असं विचारलं, तेव्हा म्हणाले, "एक नात वैशाखात दिली. धाकटी वैभवी वाशीमले नर्सिंग शिकून राह्यली."

पानठेलेवाला मोबाइल घेऊन बाजूला गेला आणि हळू आवाजात कोणाशी तरी बोलला. आबांना संशय आला. हा कारंजाच्या टीमचाच माणूस असणार.

आता, अशी चौकशी करत परगावात फिरणारा म्हातारा आमच्याकडे एकाच कामाने निघालेला असतो. वैजयंतीच्या वेळी आबा स्वतः असेच सात गावं हिंडले होते. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात फक्त गुडघे होते.

लखनच्या घरी पोचले तर अंगणात सडा घातलेला, खाटेवर नवी चादर, आणि गावचे चार जाणते टोप्या घालून बसलेले. लखन इस्त्रीच्या शर्टात घामाघूम उभा. त्याची आजी चंपाबाई दारातच म्हणाली, "या पाव्हणे, तुमचीच वाट पाहून राह्यलो."

आबा चपला काढता काढता थांबले. माझी वाट? म्हणजे बातमी फुटली. या चौघांत कारंजाचा कोण? एकेकाच्या तोंडाकडे पाहत त्यांनी पोहे संपवले.  शेवटी धीर करून म्हणाले, "बाबू, जरा चालून दाखवतं का?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चंपाबाई खदखदून हसली.

"चाल रे लखन्या. मले तुह्या आज्याच्या बापानं तीन खेपा चालवलं होतं ह्याच अंगणात, लंगडी तं नाई म्हणून. चांगली धडधाकट असून. पन्नास वर्षात पोट्ट्यायले चालवणारा हा पयलाच माणूस भेटला."

लखन चालला. आबा उकिडवे बसून पाहत राहिले. मग पायजमा वर करवून त्यांनी दोन्ही गुडघे दाबले, टाचेमागची शीर चिमटीत धरली. दात पाहायचा मोह मात्र आवरला. फुटबॉल मागवला. अंगणापुढे सोयाबीनच्या कुटाराचे, म्हणजे भुशाचे, दोन ढीग होते, मधे हातभर फट. लखनने उजव्या पायाने बॉल त्या फटीतून पार केला, मग डाव्यानेही. कुटाराची काडी हलली नाही. आबा भीती विसरले. असा पाय त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"कसा वाटला?" चंपाबाईने विचारलं.

"माय, खोट काढाले जागा नाई."

एवढं ऐकताच लखनची आई कुंकवाचा करंडा घेऊन आली. आबांच्या कपाळी टिळा लागला, खांद्यावर दुपट्टा आला, हातात नारळ आला. या बाजूला पाव्हण्याचा मान मोठा दिसतो, असं आबांना वाटलं. तेवढ्यात चंपाबाई म्हणाली, "वैभवीचं शिक्षण होऊ द्या, आमची घाई नाई. संक्रांतीनंतर आमी येतो पोरगी पाहाले."

नारळ एकदम पाट्यासारखा जड झाला. आबांना ते डोकं दिसलं आणि त्यावरचा आपला हात दिसला. त्यांनी तोंड उघडलं. खरं सांगावं तर इंद्रभानचं गुपित जातं. नारळ परत करावा तर चार जाणत्यांपुढे त्या घराची बेइज्जत होते. त्यांनी तोंड मिटलं. लखन वाकून पाया पडला, आणि आबांनी नारळ काखेत मारून फाट्याची वाट धरली.

परत येताना त्यांनी नारळ एसटीच्या सीटखाली सरकवला आणि रिसोडला घाईने उतरले. कंडक्टर स्टँडभर मागे धावला. "ओ बाबा, तुमचा नारळ राह्यला." आबांनी त्याला पोटभर आशीर्वाद दिला आणि मनातल्या मनात दुसरंच काही दिलं.

घरी बायकोने, चतुराबाईने, विचारलं, "कपाळाले काय लावलं?"

"देवळात गेलतो."

"अन् हा दुपट्टा देवानं देला का?"

तेवढ्यात इंद्रभान फॉर्म घेऊनच हजर झाला. "बोला आबा. हो का नाई?"

लखन टीममध्ये आला तर रिठदला येणार. तो आला की चंपाबाई येणार. चंपाबाई आली की तोंड उघडणार. आबांनी डोळे मिटले.

"नाई. उजवा गुडघा कच्चा हाये त्याचा."

"पक्कं?"

"मी कधी चुकलो का?"

इंद्रभानने फॉर्म घडी करून खिशात टाकला. त्या गुडघ्याची बातमी आठवडाभरात कारंजापर्यंत गेली.

मग चंपाबाईचे फोन सुरू झाले. आबांनी मोबाइल बंद करून ज्वारीच्या कोठीत पुरला आणि चतुराबाईच्या फोनवरून रोज वैभवीला विचारू लागले: जेवली का, ताप तं नाई, रस्ता पाहून ओलांडते ना. एक दिवस ती बोलता बोलता शिंकली. आबांनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही.

"आजी, ह्यायले काय झालं?" वैभवीने विचारलं.

"मले काय माहीत. कोठीपाशी जाऊन बसतात, अन् कोणी हाक मारली की दचकतात."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रिसोडला फायनल होती. रिठदच्या समोर कारंजाची टीम, आणि तिच्यात लखन; कच्च्या गुडघ्याच्या बातमीवर कारंजावाल्यांनी विश्वास ठेवला नव्हता. वैभवी सुट्टीवर आली होती, ती आबांच्या शेजारीच बसली. आबांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

सहाव्या मिनिटाला लखनने गोल मारला. त्याचे गडी मिठी मारायला धावले, पण तो त्यांना चुकवून सरळ बाहेर आला, आबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि परत गेला.

"ओळखीचा हाये का?" वैभवीने विचारलं.

"नाई. संस्कारी दिसते."

दुसरा गोल झाला, दुसरा नमस्कार झाला. तिसऱ्या गोलाला आबा उठून पळाले. लखनने त्यांना पाण्याच्या टँकरपाशी गाठलं आणि तिथे पाया पडला. आता सगळं मैदान खेळ सोडून आबांकडे पाहत होतं. चौथ्या गोलानंतर इंद्रभान आला. त्याचा आवाज अगदी बारीक होता.

"आबा, कच्च्या गुडघ्यानं चार मारले त्यानं. अन् तुमाले काहून पाया पडून राह्यला?"

गर्दीतून चंपाबाई वाट काढत आली. "काहून हो पाव्हणे, फोन बंद ठेवता? अन् हीच का आमची वैभवी?"

आबा मातीतच बसले. पानठेल्यापासून कोठीपर्यंत सगळं सांगून टाकलं. वैभवीच्या डोक्याकडे हात नेला आणि भिऊन मागे घेतला. "शपथ मोडली मी, माय. तुले काई झालं तं मी कोणाकडं पाहू?"

वैभवी रागाने लाल झाली होती. "मी शिंकली म्हणून तुमी जेवले नाई?"

"दोन दिस."

 मग तिने त्यांचा तो हात घट्ट धरला. "मले काई झालं नाई. अन् आजी," ती चंपाबाईला म्हणाली, "ही सोयरीक नाई. ह्यायच्यानं चूक झाली. मले शिकाचं हाये."

"शीक माय. आमच्या लखन्याले पोरी लय येतीन," चंपाबाई म्हणाली. मग आबांकडे वळली. "पण गुडघा कच्चा म्हणे? साऱ्या जिल्ह्यात बोंब झाली. मी पोराच्या गुडघ्याले महिनाभर तेल चोळलं. ते परत घ्या. तिथून घ्या."

तिने माइककडे बोट दाखवलं.

आबा माइकपाशी गेले. "मी जगदेव, रिठदचा. लखनचा उजवा गुडघा पक्का हाये. डावा बी पक्का हाये. मी भेलो होतो, म्हणून खोटं बोललो."

टाळी फक्त चंपाबाईने वाजवली.

रिठद चार-शून्य हरलं. त्यानंतर आबांना कोणी बैल पाहायला बोलावलं नाही, आणि पारावर ते गुडघ्यांविषयी बोलले नाहीत. वैभवी धडधाकट राहिली. तरी तिचा फोन दहा मिनिटं उशिरा आला की आबा दारात येऊन उभे राहायचे.

तिच्या नर्सिंगची, म्हणजे आबांच्या शपथेचीही, दोन वर्षं बाकी असताना, १७ ऑगस्ट २०२५ रोजी, रविवारी दुपारी, जगदेवआबा वारले.