डोकं काढून ठेवलंय

मोटारीचं इंजिन ही काही जगावेगळी चीज नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. जो माणूस वर्षानुवर्षं कीर्तनात मागे उभा राहून टाळ वाजवतो, बुवा कितीही आडवळणाने गेले तरी ज्याचा ठेका सुटत नाही, त्याला इंजिनाचं काय मोठंसं! चार पिस्टन, एक साखळी, आणि प्रत्येकाने आपापल्या मात्रेवर हजर राहायचं. आमच्या मंडळातल्या टाळकऱ्यांना एका सुरात उभं करण्यापेक्षा कितीतरी सोपं! जेवताना मी हे घरात जाहीर केलं. आई "बरं" म्हणाली. ही नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. हे हात आपल्याला पुन्हा असे स्वच्छ दिसणार नाहीत, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

हे सगळं कशासाठी, तर बुवांसाठी. रविवारी संध्याकाळी आमच्या सभागृहात त्यांचं कीर्तन ठरलं होतं. मी त्यांची कीर्तनं इतकी ऐकली आहेत की बुवांनी खाकरून गळा साफ केला तरी पुढचं आख्यान कोणतं ते मी सांगू शकतो. पण त्यांच्याशी बोलायचा योग कधी आला नव्हता. म्हणून स्टेशनवरून त्यांना आणायचा मान मी अध्यक्षांच्या पाठीस लागून, अगदी त्यांना जिना चढू न देता, पदरात पाडून घेतला होता. स्टेशन ते सभागृह रस्ता चांगला लांबलचक. तेवढा वेळ बुवा आणि मी! पोटात साठलेलं किती बोलायचं होतं!

आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमची जुनी गाडी पांढरा धूर ओकायला लागली. ऑइल बघितलं तर दुधाच्या चहासारखं. मिस्त्रींनी वास घेतला आणि सांगितलं की हेड गॅस्केट गेली, पाणी तेलात उतरतंय. हेड म्हणजे इंजिनाच्या वरचा जड भाग, ज्यात हवा घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपा असतात. ते उतरवायचं, काजळी खरवडायची, त्याच्याखाली गळती अडवणारी पातळ गॅस्केट नवी घालायची. जाता जाता टायमिंगची साखळीही ढिली झाली होती, तीही बदलायची. मात्र मिस्त्रींच्या लेकीचे दिवस भरले होते आणि ते सहकुटुंब तिच्या गावी निघाले होते. रविवारनंतर बघू, म्हणाले.

रविवारनंतर! रविवारी मला डावलून बुवांना आणणार कोण, तर आमच्या मंडळातले औषधवाले. त्यांची गाडी नवी, इतकी चकचकीत की तिच्यात बघून भांग पाडावा. पण हा गृहस्थ कीर्तनाला पहिल्या रांगेत बसतो आणि पूर्वरंग संपायच्या आत घोरतो. मी मिस्त्रींकडून पाने मागून घेतले आणि अंगणात बैठक मारली.

सुरुवात तर अशी झाली की काय सांगू! शेजारी टेपवर बुवांचं कीर्तन लावलेलं. बॅटरीची वायर सोडली, पाणी काढलं, कार्बुरेटर उतरवला. पुढचं झाकण काढल्यावर आत साखळी दिसली, खालच्या पिस्टनांच्या चाकावरून वरच्या झडपांच्या चाकापर्यंत गेलेली. आणि तिथे मला साक्षात्कार झाला. खालचं चाक दोनदा फिरतं तेव्हा वरचं एकदा फिरतं! म्हणजे खाली दुगुण, वर ठाय लय. मी हिला हाक मारून दाखवलं. म्हटलं, बघ, हे इंजिन नाही, हा ताल आहे. ती म्हणाली की वरणाला फोडणी द्यायची राहिलीय, आणि गेली.

चाकांवर कारखान्याने ठोकलेले ठिपके होते, त्यामुळे साखळीची काळजी नव्हती. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे कुठल्या पिस्टनला कधी ठिणगी द्यायची ते ठरवणारा डबा, तो कसा बसला होता हे लक्षात राहावं म्हणून मी त्याच्यावर आणि इंजिनावर पांढऱ्या रंगाचा एकेक ठळक बाण काढला. हेडचे बोल्ट बाहेरून आतल्या बाजूला, थोडे थोडे करत सैल केले. प्रत्येक बोल्ट स्वयंपाकघरातल्या वेगळ्या वाटीत. हेड उचलून बाजेवर ठेवलं, त्यातल्या झडपा काढून ताटात मांडल्या, तेव्हा माझी मलाच दृष्ट लागेल असं वाटलं. हात धुऊन दुकानात गॅस्केट आणायला गेलो.

आता आमच्या आईविषयी सांगायला हवं. आई आयुष्यभर शाळेत भाषा शिकवत होती. घरात परका शब्द आला की ती तो उंबऱ्यातच अडवते. आमच्याकडे टेलिफोन वाजत नाही, दूरध्वनी वाजतो. दुसरं म्हणजे तिला काळं झालेलं भांडं बघवत नाही. मी नसताना तिला या दोन्ही बाजूंनी एकदम वाव मिळाला.

परत आलो तेव्हा वाट्या मांडणीवर पालथ्या होत्या. बोल्ट एका बादलीत, इतके लखलखीत की दागिने वाटावेत. डिस्ट्रिब्युटर वाळत घातला होता, आणि बाण त्याच्यावरही नव्हता, इंजिनावरही नव्हता. आई म्हणाली, कुठून तरी चुना उडाला होता, निघत नव्हता, काथ्याने घासून काढला. आणि हो, अध्यक्षांचा दूरध्वनी येऊन गेला, तुझी चौकशी करत होते.

मी विचारलं, काय सांगितलंस?

"खरं तेच सांगितलं," आई म्हणाली. "डोकं काढून ठेवलंय. आत फार काजळी साचली होती. पाणी झिरपत होतं, म्हणून उघडावं लागलं. खरवडून परत बसवणार, रविवारपर्यंत बसलं तर बसलं."

मी तिथेच बाजेवर बसलो, हेडच्या शेजारी.

अर्ध्या तासात मंडळ आलं. पुढे अध्यक्ष, डोळे ओले. मागे दोन टाळकरी, हातात मोसंब्यांची पिशवी. त्यांच्या मागे औषधवाले, काखेत कापसाचा आणि पट्ट्यांचा गठ्ठा, सगळा मोफत. मी दार उघडलं. अध्यक्षांनी आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग मला वळवून मागून पाहिलं. एका टाळकऱ्याने हळूच विचारलं की टाके आतून घातलेत का. आईने सर्वांना पाणी दिलं आणि डोकं अंगणात आहे, बघायचं तर बघा, असं सांगितलं. मोसंब्यांची पिशवी तिथेच खाली पडली.

उलगडा व्हायला वेळ लागला. झाल्यावर सगळे पोट धरून हसले, मीही हसलो, आणि तेवढ्यात अध्यक्ष एकदम गंभीर झाले. बाजेवरचं हेड, ताटातल्या झडपा, बादलीतले बोल्ट यांच्यावरून त्यांची नजर फिरली.

"डोकं तुमचं नाही, गाडीचं, हे कळलं," ते म्हणाले. "पण मग गाडी बिनडोक आहे. बुवांना आणणार कशातून?"

तुमच्यावर शस्त्रक्रिया झाली असं समजून औषधवाल्यांना आधीच सांगून ठेवलंय, असंही ते म्हणाले. औषधवाले नम्रपणे खाली बघत होते, पण मिशी हलत होती. मी हात जोडले, विनवण्या केल्या. शेवटी असं ठरलं की रविवारी दुपारी माझी गाडी स्वतःच्या पायांनी सभागृहासमोर आली तर मान माझा, ढकलत आणली तर त्यांचा.

जाताना त्यांनी मोसंबी मात्र ठेवून घ्यायला लावली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कचेरीतून येऊन थेट अंगणात. हेडखाली पट्टी धरून सपाट आहे ना पाहिलं, झडपा घासल्या, गॅस्केट बसवली. बोल्टांत लांब कोणते आणि आखूड कोणते, हे आई नि ही दोघींनी तांदूळ निवडावेत तसे निवडून दिले. आईला आता माझी थोडी कीव यायला लागली होती. या वेळी आतून बाहेरच्या बाजूला, हळूहळू आवळत गेलो. साखळी ठिपक्याला ठिपका लावून चढवली. राहिला डिस्ट्रिब्युटर. बाण पुसला गेला म्हणून काय झालं? मी तालाचा माणूस! पहिला पिस्टन वर आला की सम, समेवर ठिणगी, झालं! पिस्टन वर आणला आणि डबा बसवून टाकला.

रविवारी सकाळी किल्ली फिरवली.

इंजिनाने एक क्षण विचार केला आणि असा बार काढला की पलीकडच्या घराच्या छपरावरची सगळी कबुतरं उडाली. कार्बुरेटरमधून ज्योत आली आणि माझ्या भुवयांचा अंदाज घेऊन परत गेली. पुन्हा फिरवली. पुन्हा बार. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला उतरून सायकल हातात धरून चालायला लागला. तिसऱ्या बाराला आईने खिडकीतून विचारलं की हे असंच वाजायचं असतं का.

मी बॉनेटवर डोकं टेकलं. औषधवाल्यांची गाडी एव्हाना धुऊन उभी असणार. बुवा तिच्यात बसणार, आणि मी मागे उभा राहून टाळ वाजवणार, नेहमीसारखा. खरं सांगतो, रडू येत होतं.

ही हात पुसत बाहेर आली. तिने शांतपणे विचारलं की एका ठिणगीमागे पिस्टन वर येतो तो एकदाच का. मी म्हटलं, नाही, दोनदा. एकदा हवा-पेट्रोल दाबायला, तेव्हा ठिणगी हवी. दुसऱ्यांदा नुसता धूर बाहेर ढकलायला, तेव्हा काही नको.

"म्हणजे एकदा सम आणि एकदा खाली," ती म्हणाली. "मग तुम्ही यातली सम कुठली, ते कसं ओळखलंत?"

मी डोकं खाजवलं.

"वर आला की सम, असं धरलंत ना? अहो, खालीच्या जागी टाळी दिलीत तुम्ही."

तालाशी ओळख नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तालाच्या आवर्तनात सम म्हणजे जिथे सगळे एकत्र येतात ती जागा. आणि खाली म्हणजे रिकामी जागा, तिथे टाळी देत नाहीत, नुसता हात उघडतात. तिथे टाळी देणाऱ्याकडे सगळी सभा वळून बघते. माझ्याकडे कबुतरं बघत होती, तेवढंच बरं.

मग तिने पहिल्या पिस्टनचा प्लग काढायला लावला, त्या भोकावर स्वतःचा अंगठा ठेवला आणि मला पाना देऊन खालचं चाक फिरवायला सांगितलं. पिस्टन वर आला, काही नाही. "ही खाली," ती म्हणाली. अजून एक फेरा दिला. या वेळी आतून हवेने तिचा अंगठा फुस्सकन उडवला. "ही घ्या तुमची सम!" डिस्ट्रिब्युटर काढला, अर्धा फेरा फिरवून बसवला. किल्ली फिरवली.

इंजिन लागलं! कसं लागलं म्हणता, तंबोरा लागावा तसं! धूर नाही, खडखड नाही, एकसुरी गुणगुण. आईने देवासमोर दिवा लावला. मी अंगावरचा काळा सदरा तसाच ठेवून गाडी सभागृहासमोर नेली, अध्यक्षांना दाखवली आणि परत येऊन आंघोळ केली. सभागृहापाशी औषधवाल्यांनी मोठ्या मनाने हात मिळवला होता. पण माझ्या नखांकडे बघून मग रुमालाने पुसला.

स्टेशनवर बुवा उतरले. डोक्याला मफलर गुंडाळलेला, चेहऱ्यावर ते हसू! मी पायांना हात लावला. बुवा पुढे माझ्या शेजारी बसले, ही मागे. आणि मग मी बोलायला सुरुवात केली. साठवलेलं सगळं बाहेर आलं. इंजिन आणि ताल, सम आणि खाली, डोक्यातली काजळी म्हणजे अहंकार, ती खरवडल्याशिवाय आत दाब धरत नाही, हे सगळं मी एका आख्यानासारखं गुंफून सांगितलं. मध्ये एकदोन ओव्या गाऊनही दाखवल्या. बुवा डोळे मिटून, मान डोलावत ऐकत होते. माझ्या अंगावर काटा येत होता. मागून ही दोनदा खाकरली, पण मी थांबलो नाही. आज संध्याकाळी कीर्तनात हा दृष्टांत येणार, याची मला खात्री झाली होती.

सभागृहासमोर गाडी थांबली. अध्यक्ष हार घेऊन पुढे आले. बुवांनी डोळे उघडले, मफलर सोडला, आणि आधी उजव्या, मग डाव्या कानातून चांगला पेरूएवढा कापूस बाहेर काढला.

"प्रवासात कानाला वारा लागला की माझा गळा धरतो," ते प्रेमाने म्हणाले. "तुम्ही काही बोलत होतात का? पण गाडी मात्र सुरेख आहे हो तुमची. इंजिनाचा आवाज म्हणून नाही!"

तेव्हापासून मंडळात जो भेटेल त्याला मी हे वाक्य ऐकवतो. खुद्द बुवांचे शब्द आहेत, त्यांत एक अक्षर माझं नाही! कापसाचं तेवढं मी सांगत नाही; ते सांगायचं काम ही करते.