अद्वोआच्या ठेल्यापाशी

ओपोकूची निळी गाडी चौथ्या दिवशीही अद्वोआच्या ठेल्यासमोर आचके देत बंद पडली.

ठेला वर्षभर बंद होता. अद्वोआ, ओपोकूची बायको, तिथे केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी विकायची. शनिवारी तिला जाऊन वर्ष होणार होतं. त्या दिवशी दुपारच्या आत सासूबाईंना घेऊन तिच्या गावी पोचायचं होतं. नवराच उशिरा आला, तर तिचे भाऊ जन्मभर बोलून दाखवणार होते.

"फिटरनं प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला," ओपोकू म्हणाला. "त्याच्या अंगणात तासभर चालू राहते. इथं आली की मरते."

"मरत नाही, थांबते," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोरीला तहान लागलीय. तू तिला घोट तरी दिलास का?"

त्या विधीसाठी आणलेली जिनची बाटली घेऊन उतरल्या. गेलेल्यांसाठी जमिनीवर ओतायची ती दारू त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून थेट टाकीतच ओतली. "घे बाळ. आता जाऊ दे आम्हाला."

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. धुळीच्या धुक्यात समोरचा रस्ता पांढरा झाला होता, आणि ठेल्यात कुणी उभं असावं असं ओपोकूला उगीच वाटलं.

दुसऱ्या दिवशीही तेच घडलं. गाडी थांबली, सासूबाईंनी घोट दिला, गाडी चालली. हे कळल्यावर फिटर बोआतेंगने डोक्याला हात लावला.

"आजी, इंजिनाला दारुडं करणार का?"

शुक्रवारी तो स्वतः सोबत आला. ठेल्यासमोर गाडी बंद पडताच त्याने सासूबाईंच्या आधी उडी मारून झाकण फिरवलं. टाकीने सूं करून हवा आत ओढली.

"सुरू कर!"

गाडी सुरू झाली.

"बघा! दारू नाही, झाकण. हवा आत जात नाही, म्हणून पेट्रोल पुढे सरकत नाही. अंगणात उभी असताना पेट्रोल कमी लागतं; घरून इथवर पळत आली की हिचा श्वास संपतो. झाकण नवं दिसतंय. कधी बसवलंस?"

"गेल्या आठवड्यात," ओपोकू म्हणाला. "जुनं सैल होतं. पेट्रोलचा वास येतो म्हणून अद्वोआ पाच वर्षं कटकट करायची. म्हटलं, तिला जाऊन वर्ष व्हायच्या आत तरी तिचं ऐकावं."

बोआतेंगने खिळ्याने झाकणाला भोक पाडलं.

शनिवारी दोघे काळे-पांढरे कपडे घालून निघाले. बोआतेंगही आला, लागलंच तर असू दे म्हणून. गाडी सुरेख चालली. ठेला जवळ येत होता. सासूबाईंनी बाटली घट्ट धरली. गाडी एकदाही अडखळली नाही.

"आता नाही थांबत वाटतं," त्या खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या.

ओपोकूने किल्ली मागे फिरवून इंजिन बंद केलं. गाडी घरंगळत जाऊन ठेल्यासमोर थांबली.

"बंद पडली?" सासूबाई एकदम सरळ बसल्या.

"हो, आई."

"मी म्हटलं नव्हतं!" त्या बाटली घेऊन उतरल्या.

ओपोकूने मागे पाहिलं. बोआतेंग उतरला, त्याने बॉनेट उघडलं आणि शांतपणे आत बघत राहिला.

"जरा वेळ लागेल," तो म्हणाला.