कंपाउंडरकाकांचे पेशंट

देवरावकाकांच्या अंगणातलं डाळिंब मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या सहा फांद्यांना बँडेज होतं. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढून मी नुकतीच पांढरकवड्याला घरी आले होते. मला वाटलं, आमच्या गल्लीत झाडांनाही मारतात.

आई म्हणाली, ती गुटी. फांदीची साल गोल सोलायची, ओली शेणमाती लावून वर कापड गुंडाळायचं. आत मुळं फुटली की फांदी कापून दुसरीकडे लावायची. बाकीचे लोक गोणपाट वापरतात, काका बँडेज वापरत. दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. निवृत्त झाले ते फक्त माणसांपुरते.

त्या वर्षी काकांना अंगण रिकामं करायचं होतं. भिलाईला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाचं, वसंताचं, पत्र आलं होतं: दिवाळीनंतर बायकोपोरांना घेऊन इकडेच येतो, अंगणात एक खोली काढा. काकूंच्या मागे काका पाच वर्षं एकटेच होते. पत्र त्यांनी आमच्याकडे दोनदा वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं अंगण गल्लीत ‘ॲडमिट’ करायला घेतलं.

कर्दळीचे गड्डे मास्तरांकडे गेले. डाळिंबाची सहा पिल्लं सहा घरी. नको म्हणायची सोय नव्हती.

“वैनी, जागा नाही कायले म्हणता? न्हाणीमागं काय कोणाचं लग्न लागून राह्यलं?” असं माझ्या आईला विचारून त्यांनी आमच्याकडे जास्वंद ठरवली.

ती माझ्याहून उंच होती. महिनाभर आधी भोवती चर खणून त्यांनी तिची मुळं छाटली, मग फांद्यांची हजामत केली, मुळांचा गोळा पोत्यात शिवला. गल्लीत चिखल होता, म्हणून तिला बाजेवर आडवं करून, वर ओली पांढरी चादर टाकून, चौघांच्या खांद्यावर मोठ्या रस्त्याने आणलं. हैदराबादकडे निघालेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरून, हात जोडून उभा राहिला.

“जिंदा है, भैया,” काकांनी त्याला धीर दिला. “बस घर बदल रही है.”

मग दोन्ही वेळ राउंड सुरू झाला. दवाखान्यात मिक्श्चरच्या बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवत, एक खाच म्हणजे एक डोस. तशीच पट्टी लावून काकांनी घरोघरी सरकीची ढेप कुजवलेल्या पाण्याच्या बाटल्या दिल्या. त्या इतक्या घाण वासाच्या होत्या की मास्तरीणबाईंनी एकदाची ब्याद टळो म्हणून सगळी बाटली कर्दळीला ओतली.

“आठ दिवसाचं औषध एका दिवशी पाजलं?” काका म्हणाले. “कर्दळीच्या जागी मास्तर असते तर?”

मास्तरीणबाईंनी रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. विचार करत असाव्यात.

फाटक वाजलं की मी आत पळायची. परक्या माणसाशी बोलायचं तर मला वाक्य आधी मनात लिहून काढावं लागे; ते लिहून होईपर्यंत माणूस निघून जाई.

“बेबी बोलत काहून नाही?” काका आईला विचारत. “घशाले काही आहे का?” मी दाराआडून ऐकत असे.

दिवाळीनंतर वसंताचं दुसरं पत्र आलं. ते काकांनी वाचून दाखवलं नाही. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, “क्वार्टर भेटलं त्याले तिकडंच. दोन खोल्यांचं. चांगलं झालं.”

रिकाम्या अंगणात चुन्याने आखलेली खोली तशीच राहिली.

“मग जास्वंद परत न्या ना, भाऊजी,” आई म्हणाली.

“नाई वैनी. आताच मुळं धरली तिनं. पुन्हा हलवाले जीव होत नाही.”

झाडं धरत गेली तशी घरं सुटत गेली. “लागलं ना आता, काका, रोज कशाला त्रास घेता?” असं एकेक जण गोडीने म्हणू लागला. मास्तरांनी बाटली धुऊन परत केली. काका ‘डिस्चार्ज’ म्हणत आणि त्या घरी जाणं बंद करत. संक्रांतीपर्यंत एवढं आमचंच घर उरलं.

एका संध्याकाळी त्यांनी जास्वंदीची पानं उलटसुलट पाहिली, कळ्या मोजल्या आणि बाटली उचलून पिशवीत टाकली.

“वैनी, हिलेही डिस्चार्ज. उद्यापास्नं येत नाही.”

आई चुलीपाशी होती, तिला ऐकू गेलं नाही. माझं वाक्य लिहून झालं नव्हतं, तरी मी बाहेर आले.

“काका, हिची पानं पिवळी पडताहेत.”

काकांनी जास्वंदीकडे पाहिलं. ती नुकता रंग दिल्यासारखी हिरवी होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“हो ना,” ते म्हणाले. “मले दिसलंच नाही. डोळे गेले आता.”

पायरीवर बसून त्यांनी माझ्याकडून कागद आणि कात्री मागून घेतली. पट्टीला खाचा पाडत गेले. वीसपर्यंत मी मोजल्या. त्यांची कात्री थांबली नाही.

“लंबा कोर्स आहे,” पिशवीतली बाटली काढून तिच्यावर पट्टी चिकटवत ते म्हणाले. “आन रोज मले सांगा लागंन तुले, कशी आहे म्हणून. तोंडानं, बेबी. दाराआडून नाही.”